घरामागे मेपलची झाडं आहेत. घरच्या घरी मेपल सिरप करायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मॅसॅच्युसेट्समध्ये नवं घर घेतलं, मागे चार-पाच जाडजूड मेपल आहेत आणि शेजारी म्हणतात सिरप काढा. हे खरंच जमतं का, खर्च किती येतो आणि झाडाला इजा होते का, असे तुमचे तीन प्रश्न. जमतं. इंधन सोडून खर्च पहिल्या वर्षी शंभर डॉलरांच्या आत ठेवता येतो. झाडाचं पुढे सांगतो. मी तुमच्याच राज्यात, वूस्टरच्या बाजूला राहतो आणि हिवाळा सरताना हा उद्योग करतो.

आधी एक हिशोब बघा. शुगर मेपल या मेपलच्या गोड जातीच्या रसातही साखर जेमतेम दोन टक्के. सिरपमध्ये ती ६६-६७ टक्के लागते. म्हणजे साधारण ४० गॅलन रस आटवला की हातात एक गॅलन सिरप. इथले जुने लोक ८६ चा नियम सांगतात: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, उत्तर येईल तितके गॅलन रस एका गॅलन सिरपला लागणार. दोन टक्के असेल तर ४३, तीन टक्क्यांचं गोड झाड नशिबात असेल तर २९. आपल्या गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत पडतो तेव्हाच त्यात १८-२० टक्के साखर असते, म्हणून तिथे काकवी बघता बघता होते. मेपलची काकवी करायची तर त्याच्या दसपटीहून जास्त पाणी हवेत सोडावं लागतं. झाडाला भोक पाडणं दहा मिनिटांचं काम आहे. एवढं पाणी कुठे, कशावर आणि कुठल्या शनिवार-रविवारी उडवायचं, हे मात्र आधी ठरवायला हवं. बहुतेकांचं इथेच फसतं: बादल्या भरत राहतात आणि रस आंबून जातो.

म्हणून पाचही झाडांना तोट्या, म्हणजे भोकात ठोकायच्या रसाच्या नळ्या, लावू नका. दोन किंवा तीन पुरे. एका तोटीतून हंगामभरात दहा गॅलनच्या आसपास रस मिळतो, म्हणजे पाव गॅलन सिरप. तीन तोट्यांत पाऊण गॅलन, पहिल्या वर्षी पुष्कळ झालं.

झाडं ओळखायचं काम पानं गळायच्या आत उरका आणि बुंध्याला रंगीत फीत बांधून ठेवा, कारण फेब्रुवारीत सगळीच झाडं सारखी दिसतात. मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात. ओकच्या तशा फुटत नाहीत. शुगर मेपलच्या पानाची कड गुळगुळीत असते आणि टोकांमधल्या खाचा गोलसर. रेड मेपलची कड करवतीसारखी आणि खाचा टोकदार. रेड मेपलही चालतो, फक्त गोडी थोडी कमी आणि कोंब लवकर फुगतात. पानाचा देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल, रस्त्याच्या कडेला हौसेने लावलेला. त्याचाही रस निघतो, पण दुसरं झाड असताना मी त्याच्या वाटेला जात नाही. छातीच्या उंचीवर बुंध्याला टेप गुंडाळा. घेर ३८ इंचांच्या वर, म्हणजे व्यास फूटभर असेल तर एक तोटी. व्यास २० इंचांच्या पुढे गेला तर दुसरी. तिसरी मी कुठल्याच झाडाला लावत नाही.

वेळ कधीची? कॅलेंडरपेक्षा हवामान बघा. रात्री पारा शून्य सेल्सिअसच्या खाली आणि दिवसा चार-सहा अंशांवर, असे दिवस सलग दिसू लागले की हंगाम आला. आपल्या भागात हे बहुधा फेब्रुवारीच्या मध्यापासून होतं, उत्तरेला व्हरमाँटमध्ये थोडं उशिरा. कारणही समजून घेण्यासारखं आहे. मेपलच्या लाकडातल्या काही पेशींत पाण्याऐवजी हवा असते. रात्री खोड गोठताना ही हवा आकसते, बर्फात अडकते आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. सकाळी बर्फ वितळला की दाबलेली हवा पसरते आणि रस आतून ढकलला जातो. तुमचं भोक ही त्या दाबाला मिळालेली वाट. रात्री गोठलं नाही तर दुसऱ्या दिवशी थेंब मंदावतात, दोन-तीन उबदार रात्री लागोपाठ आल्या की बंदच. मायदेशी रोप नेऊन लावू का, असं विचारणारे भेटतात, त्यांनाही हेच उत्तर: महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं, तेवढ्याने मेपलचं भागत नाही.

तोट्या शेतीसामानाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या डॉलरांत मिळतात. ५/१६ इंचाची घ्या. ड्रिलचं पातं त्याच मापाचं, नवं आणि धारदार हवं. सूर्य चढल्यावर, खोड गोठलेलं नसताना, कमरेच्या वर कुठेतरी दीड ते दोन इंच खोल भोक पाडा, आतून बाहेर किंचित उताराचं, म्हणजे रस साचून राहत नाही. बाहेर येणारा भुसा बघा. पांढरट-पिवळसर असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी आला तर ती जागा मेलेली, दुसरीकडे पाडा. तोटी हातोडीने हलकेच ठोका. आवाज बदलून घट्ट झाला की थांबा, जास्त ठोकलंत तर साल आणि लाकूड चिरतं आणि रस तोटीच्या बाजूने गळत राहतो. तोटीला प्लास्टिकची नळी जोडून ती जमिनीवर ठेवलेल्या, झाकणाला भोक पाडलेल्या बादलीत सोडली की वाऱ्या-पावसाची चिंता नाही. बादली खाद्यपदार्थांसाठीचीच हवी. बेकरीत विचारलंत तर रिकाम्या मिळतात. जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या पत्र्याच्या बादल्या फोटोत छान दिसतात, पण त्यांच्या जोडांत शिसं असू शकतं. त्यात फुलं लावा.

आता इजेचं. भोक पाडलं की झाड त्या जागेभोवती भिंत घालतं आणि भोकाच्या वर-खाली लाकडाचा एक उभा पट्टा कायमचा निकामी होतो. त्यातून पुन्हा रस वाहत नाही. पण निरोगी झाड दरवर्षी बाहेरून नवं लाकूड चढवतं, म्हणून वर्षाला एक भोक त्याला पचतं. पुढच्या वर्षीचं भोक जुन्यापासून बाजूलाही काही इंच सरकवा आणि वर किंवा खालीही. हंगाम संपल्यावर तोटी काढा आणि भोक तसंच सोडा. मेण, खुंटी, काही भरू नका. शंभर वर्षांहून जास्त काळ भोकं सोसत आलेली झाडं न्यू इंग्लंडमध्ये उभी आहेत. वाळत चाललेल्या किंवा खोडाला मोठी जखम असलेल्या झाडाला मात्र हात लावू नका.

रस पाण्यासारखा दिसतो, पण वागवायचा दुधासारखा. सावलीत, बर्फाच्या ढिगात बादल्या खुपसून ठेवा आणि चार-पाच दिवसांत आटवा. ढगाळ दिसू लागला की उशीर झाला. सकाळी बादलीत वर बर्फ धरलेला असेल तर तो काढून फेका. गोठतं ते बहुतेक पाणीच, साखर खालच्या रसात राहते. तेवढा विस्तव वाचला.

आटवणं बाहेर करा. तीस गॅलन रसातलं पाणी स्वयंपाकघरात वाफ होऊन उडालं तर वॉलपेपर सुटतो आणि कपाटांना ओल धरते, एक्झॉस्ट फॅन कितीही जोरात असला तरी. अंगणात सिमेंटच्या पोकळ विटांची तीन बाजूंनी चूल रचा, मागे धुराड्याला जागा ठेवा आणि वर केटरिंगवाले वापरतात तसे स्टेनलेस स्टीलचे पसरट ट्रे बसवा. उंच पातेलं नको, वाफ पृष्ठभागावरून जाते, म्हणून भांडं जितकं पसरट तितकं बरं. लाकूड घरचं असेल तर उत्तम. आधी गावच्या अग्निशमन दलाला फोन करून परवानगी लागते का ते विचारा. प्रोपेनच्या शेगडीवरही होतं, पण ग्रिलच्या दोनेक टाक्या एका गॅलन सिरपमागे जातील. दुकानातल्या सिरपशी भाव लावून बघणार असाल तर हा उद्योग परवडत नाही, हे आधीच मान्य करून टाका. आणि पहिल्याच वर्षी हजार डॉलरचं बाष्पीभवन यंत्र घेऊ नका, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

ट्रेमध्ये रस दीड-दोन इंच ठेवा आणि आटेल तसा नवा घालत राहा, शक्यतो बाजूच्या भांड्यात कोमट करून, नाहीतर उकळी मोडते. फेस वर चढला तर लोण्याचा किंवा साजूक तुपाचा एक थेंब टाका, लगेच बसतो. रस सोनेरी होऊन तळाशी थोडाच उरला की गाळून घरात आणा आणि शेवटची आटणी शेगडीवर करा. आता फोनही घेऊ नका. तासन्‌तास ढिम्म असलेला रस शेवटच्या काही मिनिटांत उतू जातो किंवा करपतो.

झालं कधी म्हणायचं? त्या दिवशी साधं पाणी किती अंशांना उकळतं ते थर्मामीटरने बघा आणि त्याच्या वर सात अंश फॅरनहाइट, म्हणजे चार अंश सेल्सिअस, गाठलं की उतरवा. पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो, म्हणून २१९ फॅरनहाइट हा आकडा पाठ करून चालत नाही. एक विशेष सूचना आपल्या लोकांसाठी: बोटांत धरून एकतारी पाक बघत बसू नका. तार येईपर्यंत थांबलात तर सिरप जास्त आटलेलं असतं आणि बाटलीच्या तळाशी खडीसाखर धरते. उलट पातळ राहिलं तर आंबतं. हौस टिकली तर पुढच्या वर्षी हायड्रोमीटर, म्हणजे सिरपची घनता मोजायचं साधन, घ्या, मग अंदाजाचं काम उरत नाही.

गरम सिरपमध्ये बारीक राखाडी गाळ दिसेल. ते झाडातलंच खनिज आहे, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. इथे त्याला शुगर सँड म्हणतात. खाल्लं तर अपाय नाही, पण दाताखाली कचकचतं. जाड फेल्टच्या गाळणीतून सिरप गरम असतानाच गाळा. सुती फडक्यातून तो गाळ खाली जातोच. मग १८५ फॅरनहाइटच्या आसपास ठेवून काचेच्या स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरा, झाकण लावून मिनिटभर आडवी करा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. वर बुरशीचा पापुद्रा दिसला तर इथले बरेच लोक तो काढून सिरप पुन्हा उकळून घेतात.

सुरुवातीचा रस फिकट सोनेरी सिरप देतो, हंगाम पुढे जाईल तसा रंग गडद होतो. दुकानात फिकटाला मान आहे. मला शेवटचं, गडद आवडतं. घावनावर तेच उठून दिसतं. पण कोंब फुगून फुटायला लागले की रसाला उग्र, नकोसा वास येतो आणि तो आटवून जात नाही. तो जाणवताच तोट्या काढा, गरम पाण्याने धुऊन वाळवून ठेवा.

पहिल्यांदा करण्याआधी जवळच्या एखाद्या शुगरहाउसला, म्हणजे मेपलचा रस आटवतात त्या शेडला, जाऊन या. मार्चमध्ये राज्यभर मेपल वीकेंड असतो, पण तेव्हा गर्दी फार. त्यापेक्षा मधल्या वारी, छपरातून वाफ निघताना दिसली की गाडी थांबवा आणि दारातून विचारा. ट्रेमध्ये रस किती खोल ठेवलाय, लाकूड किती वेळाने घालतात, सिरप उतरवायची वेळ कशी ओळखतात, हे डोळ्यांनी पाहून घ्या. आटवणाऱ्याला तासन्‌तास बोलायला कुणी नसतं, तो सगळं सांगतो.