बोर्ड जळला म्हणून विंडोज गेलं का?

भाऊ, नवा मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड) बसवल्यावर विंडोज ‘अॅक्टिव्हेट करा’ म्हणते, म्हणून लगेच नवी ‘की’, म्हणजे विंडोज चालू करायचा कोड, विकत घ्यायला धावू नको. आपल्या दर्यापूरकडे पावसाळ्यात वीज कडाडली की मदरबोर्ड जातातच, माझे दोन गेले. विंडोज कॉम्प्युटर ओळखतं ते मुख्यतः बोर्डावरून. रॅम बदल, हार्डडिस्क बदल, सहसा काही होत नाही. बोर्ड बदलला की त्याच्या लेखी मशीनच नवी.

आधी लायसन्स कोणतं ते पाय. कमांड प्रॉम्प्टात, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘एसएलएमजीआर’, जागा सोडून ‘/डीएलआय’ टाइप कर. ‘ओईएम’, म्हणजे मशीनसोबतच आलेलं, दिसलं तर ते जुन्या बोर्डासोबतच गेलं समज. ‘रिटेल’, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, असेल तर नव्यावर नेता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर. लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधीच जोडलेलं असेल तर विंडोजच्या सेटिंगमधल्या अॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवड.

दोन-तीनशे रुपयांची की? मी घेतली होती बाप्पा. कुठल्यातरी कंपनीची व्हॉल्यूम की, म्हणजे त्यांच्या पुष्कळ मशीनींसाठी दिलेली, निघाली, ऐन सोयाबीनच्या हंगामात बंद पडली.

विंडोज अॅक्टिव्हेट होईतोवर कोपऱ्यात सूचना दिसेल, सेटिंगमधून वॉलपेपर बदलता येणार नाही. सातबारा काढायचं काम काही अडत नाही.