ऑटोट्यून लावा, पण आत्याच्या सगळ्या गाण्यावर नको

तुम्ही विचारलंय की मुरुडकडचं तुमचं मंडळ नारळी पौर्णिमेला एक कोळीगीत यूट्यूबवर काढतंय, त्याला खाली डान्सचा बीट आहे, गाणार तुमची आत्या. स्टुडिओवाला म्हणतो, ऑटोट्यून (आवाज आपोआप सुरात आणणारं सॉफ्टवेअर) लावल्याशिवाय हल्ली गाणं चालत नाही. आत्या रागावली आहे की मी काय बेसूर गाते? तर हा यंत्रासारखा आवाज आला कुठून, आणि लावायचा की नाही?

मी रेवदंड्याच्या बाजूला एका छोट्या स्टुडिओत मिक्सिंग करतो. हळदीची गाणी, कोळीगीतं, गणपतीतली गाणी, बहुतेक काम हेच. आधी आत्यांना एवढं सांगा की ज्या गाण्याने हा आवाज जगभर नेला, ते गाणारी बाई तेव्हा तीसहून जास्त वर्षं गात होती आणि तिला सुरात आणायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

ते गाणं म्हणजे अमेरिकन गायिका चेरचं 'बिलीव्ह'. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघालं. चेर तेव्हा ५२ वर्षांची होती. या वयातली गायिका नाचायच्या गाण्यावर पोरासोरांना उभं करील असं फार कुणाला वाटत नव्हतं. गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं, सात आठवडे तिथेच राहिलं आणि त्या वर्षीचं ब्रिटनमधलं सर्वाधिक खपाचं सिंगल ठरलं. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीतही ते पहिलं आलं. तिथे तिचं याआधीचं पहिल्या क्रमांकाचं गाणं १९७४ सालचं होतं, म्हणजे मध्ये पंचवीस वर्षं गेली होती. २००० साली त्याला नृत्यगीताचं ग्रॅमी मिळालं.

आता तुमच्या स्टुडिओवाल्याला ऐकवण्यासारखा भाग. हे गाणं त्या आवाजावर उभं राहिलेलं नाही. त्याचं धृपद आधीपासून तयार होतं आणि रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाला ते आवडलंही होतं, पण कडवी जमत नव्हती. ती पुन्हापुन्हा लिहिली गेली. गीतकार म्हणून सहा जणांची नावं लागली. दुसऱ्या कडव्यातल्या काही ओळी तर स्वतः चेरने सुचवल्या, कारण आधीच्या कडव्यांत गाण्यातली बाई नुसती रडतच होती. सोडून गेलेल्या माणसासाठी कुणी किती वेळ रडायचं, असं तिचं म्हणणं. मग लंडनजवळच्या स्टुडिओत मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग या निर्मात्यांनी ते बसवलं. तो तुटक, धातूसारखा आवाज त्यांनी शेवटी घातला, आणि तोही सगळीकडे नाही. कडव्यांतल्या ठरावीक शब्दांवर तो कानाला ठळक लागतो, धृपदात चेरचा भरदार आवाज बऱ्यापैकी मोकळा सोडलाय. एकदा हेडफोन लावून नुसतं हेच ऐका.

कंपनीच्या लोकांना तो आवाज बदलायचा होता. चेरने साफ सांगितलं की मी जिवंत असेपर्यंत तरी त्याला हात लावायचा नाही. निर्मात्यांना तर ही युक्ती इतकी जपायची होती की १९९९ साली ध्वनिमुद्रणावरच्या एका मासिकाला त्यांनी वेगळ्याच यंत्राचं नाव सांगितलं, माणसाचा आवाज वाद्यासारखा करणाऱ्या व्होकोडरचं. खरं काम केलं होतं ऑटोट्यूनने.

ऑटोट्यून १९९७ सालचं. करणारा अँडी हिल्डेब्रँड. त्याचं आधीचं काम तेलाच्या शोधाचं होतं. जमिनीत स्फोट करून परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय आहे ते गणिताने काढायचं. लहरींतून नेमकी माहिती काढायचं तेच गणित त्याने गळ्याला लावलं आणि आवाज कुठल्या स्वरावर आहे ते ओळखून जवळच्या स्वरावर आणणारं सॉफ्टवेअर केलं. स्वर किती वेगाने ओढायचा याचं एक बटण त्यात असतं. वेग सौम्य ठेवला तर दुरुस्ती कळतही नाही. ते बटण शून्यावर नेलं, म्हणजे दुरुस्तीला वेळच ठेवला नाही, की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर तत्क्षणी उडी मारतो. ते कुणी मुद्दाम शून्यावर नेऊन ठेवील असं हिल्डेब्रँडलाही वाटलं नव्हतं. 'बिलीव्ह'मध्ये नेमकं तेच झालं, आणि पुढे कित्येक वर्षं लोक त्याला चेर इफेक्टच म्हणत.

लोकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं. यंत्राबद्दलची चीड नंतर वाढली, जो तो ते लावायला लागल्यावर. २००९ च्या ग्रॅमी सोहळ्यात अमेरिकेतला एक बँड निषेध म्हणून निळ्या फिती लावून आला. २०१० मध्ये टाइम मासिकाने सगळ्यात वाईट शोधांच्या यादीत ऑटोट्यून घातलं. मला ती यादी अन्यायाची वाटते. यंत्राने कुणाचं वाईट केलं नाही. विचार न करता गाणंभर लावणाऱ्यांनी केलं.

आपल्या किनाऱ्यावर ते इतकं का पसरलं? माझ्या पाहण्यातली कारणं साधी आहेत. गाणारा माणूस कामावरून सुटून संध्याकाळी येतो आणि त्याच रात्री गाणं संपवायचं असतं, दहा वेळा गाऊन घ्यायला उसंत नसते. गाणं वाजणार हळदीच्या मांडवात, उघड्यावर, जनरेटरच्या आवाजात, मोठ्या स्पीकरवर. तिथे सपाट, घट्ट केलेला आवाज बीटमधून बरोबर वर येतो आणि नाजूक हरकत हरवते. शिवाय पोरांना तो आवाज खरंच आवडतो. त्यात कमीपणा काही नाही. नव्वदीच्या दशकात वेसावकर मंडळींच्या कॅसेटी गाजत होत्या तेव्हाही कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक ढोलक होतेच.

पण कोळीगीताचं एक वेगळं आहे, आणि आत्यांचा राग मला इथे पटतो. आपल्या बायका स्वर थेट धरत नाहीत. खालून चढत येतात, थोडं रेंगाळतात आणि ओळीच्या शेवटी खाली सोडून देतात. ‘गो’ आणि ‘रं’ वर तर सगळं गाणंच झुलतं. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी गाणारी बाई, धवले गाते तेव्हा साथीला वाद्य नसतं, सगळी गंमत त्या चढउतारात असते. बटण शून्यावर नेलं की जिथे उतार होता तिथे पायऱ्या होतात. आत्या बेसूर होत्या म्हणून काही सुधारलं असं नसतं. त्यांचं जे सगळ्यात चांगलं, तेच यंत्र चूक समजून पुसतं. काही जुन्या चालींत तर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधला स्वर मुद्दाम लावलेला असतो, यंत्र त्याला हट्टाने एका पट्टीवर बसवतं.

म्हणून मी असं करायला सांगेन. आत्यांना आधी बीटशिवाय, नुसत्या ढोलकीवर किंवा टाळीवर पूर्ण गाऊ द्या आणि ते जपून ठेवा. मग बीटवर घ्या. मुख्य आवाजाला सौम्य दुरुस्ती हवी असेल तर लागेल तेवढीच, वेग कमी ठेवून, आणि फक्त लांबवलेल्या स्वरांवर. शून्याचा आवाज हवाच असेल तर तो कोरसच्या पोरांवर लावा, किंवा धृपदाआधीच्या एखाद्या हाकेवर, जिथे ऐकणाऱ्याने दचकावं असं तुम्हाला वाटतं. स्टुडिओवाल्याला सांगा की सगळ्या बारा स्वरांची सेटिंग ठेवू नकोस, आत्यांच्या पट्टीतले, चालीत लागणारे स्वरच दे. नाहीतर आवाज नको त्या स्वराला जाऊन चिकटतो. कच्ची फाइल, म्हणजे काहीही न लावलेला आवाज, मागून घ्या. ती तुमच्या पैशांची आहे.

गाणं चाललं की नाही ते व्ह्यूजवरून ठरवू नका. पहिल्या आठवड्याचे आकडे नातेवाईक आणि मंडळाची पोरंच वाढवतात. आमच्याकडे एकच कसोटी मानतात: बेंजो पार्टीने गाणं उचललं का. बेंजोवर शब्द नसतात, गळा नसतो, ऑटोट्यून तर नसतंच, फक्त चाल उरते. ती वाजली आणि मांडवातल्या बायका न सांगता उठल्या, की समजा गाणं लागलं. तेव्हा आत्ता वेळ आहे तर आवाजापेक्षा चालीवर आणि कडव्यांवर आधी भांडा.

तारखेचं म्हणाल तर मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. होड्या वर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चालू, गाणारे-वाजवणारे सगळे गावात सापडतात. रेकॉर्डिंग जूनमध्येच उरका, कारण मिक्सिंगला आणि व्हिडिओला निदान महिना लागेल. फक्त स्टुडिओवर पत्रा असेल तर पावसाचा आवाज माइकमध्ये येतो, तेव्हा स्लॅबचं छप्पर असलेली जागा बघा, किंवा सर थांबेपर्यंत आत्यांना चहा देऊन बसवा.