‘आप्स्ट्राक्टेस बिल्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

एका दिवाळी अंकासाठी गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकारावर लेख लिहिणाऱ्या ताईंनी तीन शंका विचारल्या आहेत. पहिली, त्याच्या शेकडो चित्रांचं नाव एकच आहे, ‘आप्स्ट्राक्टेस बिल्ट’. ताईंनी त्याचं ‘अमूर्त चित्र’ केलं, तर संपादकांनी कागदाच्या कडेला शेरा मारला, ‘चित्र डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, मग अमूर्त कसं? केवलचित्र किंवा अप्रतिरूप चित्र चालेल का पाहा.’ दुसरी, फोटोंवरून केलेल्या त्याच्या चित्रांना ‘धूसर’ म्हणावं का. तिसरी, तो ज्या लांबलचक पट्टीनं रंग ओढतो तिला मराठीत काय म्हणतात.

आधी नावाचं. तुम्ही ‘रिश्टर’ लिहिलंत ते बरं केलंत. भूकंपामुळे हा उच्चार आपल्या वर्तमानपत्रांत पूर्वीच रुळला आहे. तो भूकंपवाला अमेरिकन होता, नात्यातला नाही, पण आडनाव तेच. जर्मनमध्ये त्याचा अर्थ न्यायाधीश. मूळ ध्वनी ‘श’ आणि ‘ह’ यांच्या मधला आहे, तेव्हा ‘रिक्टर’पेक्षा आपला ‘रिश्टर’च त्याच्या जास्त जवळ जातो.

आता तिसरा प्रश्न, कारण पहिल्याची किल्ली त्यातच आहे. जर्मनमध्ये त्या अवजाराला ‘राकल’ म्हणतात आणि तो मुळात छपाईतला शब्द. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे स्क्रीन प्रिंटिंग पाहिलं असेल तर जाळीवरून शाई ओढणारी रबरी पट्टी आठवेल. आपले छपाईवाले तिला स्क्वीजी म्हणतात. घराला रंग देणारे कारागीर लांबी भरायला वापरतात ती पत्र्याची पट्टीही त्याच जातीची. रिश्टरची मात्र पुरुषभर लांब, ॲक्रिलिकची, लाकडी मुठीची. करिना बेल्ट्स हिनं २०११ साली त्याच्यावर केलेल्या माहितीपटात ती जवळून पाहता येते. ब्रशनं रंगवलेल्या कॅनव्हासवर तो रंगानं माखलेली पट्टी टेकवतो आणि अंगाचा भार देऊन एका दमात आडवी ओढत नेतो. वरचा रंग ओला आणि खालचा चिकट झालेला असतो. त्यामुळे वरचा थर कुठे बसतो, कुठे फाटतो, आणि फाटलेल्या जागेतून आदल्या आठवड्याचा लाल किंवा हिरवा डोकावतो. मग तो मागे सरकून बराच वेळ नुसता बघत उभा राहतो. लेखात ‘स्क्वीजी’ लिहा आणि एकदा ‘रंग ओढायची पट्टी’ असं सांगून टाका. ‘रंगफासणी’ वगैरे नवे शब्द पाडू नका. पट्टी रंग नुसता फासत नाही, निपटूनही काढते.

आता गंमत पाहा. ‘अॅब्स्ट्रॅक्ट’, जर्मन ‘आप्स्ट्राक्ट’, हा लॅटिनमधून आलेला शब्द. ‘आब्स’ म्हणजे दूर, ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. शेतातला ट्रॅक्टर याच क्रियापदाचा. म्हणजे अॅब्स्ट्रॅक्ट हे ओढून काढलेलं, वस्तूपासून दूर खेचलेलं. त्या शब्दात एक क्रिया आहे, आणि रिश्टर ती क्रिया अक्षरशः हातानं करतो. आपल्या ‘अमूर्त’मध्ये ओढाताण नाही. तिथे एक अवस्था आहे.

आणि अवस्था तरी कसली? ‘मूर्त’ हा संस्कृत ‘मूर्च्छ्’ धातूपासून आला. त्याचा एक अर्थ दाट होणे, थिजणे, गोठणे. मूर्च्छा त्याच घरातली आणि मूर्तीसुद्धा. मूर्त म्हणजे थिजून आकार धरलेलं. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपं सांगितली आहेत आणि तिथे अमूर्तात वारा आणि अंतरिक्ष घातलं आहे. वारा अंगाला लागतो, तरी तो अमूर्त, कारण त्याला घट्ट असा आकार नाही. तेव्हा ‘हाताला लागतं ते अमूर्त कसं’ ही संपादकांची हरकत आपल्या परंपरेतच टिकत नाही.

हरकत अगदीच पोकळ आहे असंही नाही. १९३० साली थिओ फान डूसबुर्ग या डच चित्रकारानं पॅरिसमध्ये नेमकी हीच काढली होती. रेषा, रंग आणि पृष्ठभाग यांच्याहून जास्त खरं, ठोस काही नसतं, मग आमच्या चित्रांना अॅब्स्ट्रॅक्ट का म्हणता, असं त्याचं म्हणणं. त्यानं शब्द सुचवला ‘काँक्रीट’, म्हणजे ठोस. जर्मनमध्ये ‘काँक्रेटं कुन्स्ट’ आजही चालतं, इंगोलश्टाट गावात त्या नावाचं संग्रहालयच आहे. पण मराठीत ‘मूर्त कला’ लिहून पाहा, वाचक सरळ पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन उभा राहील.

पर्यायी शब्द का नकोत, ते रिश्टरच्याच चित्रांवरून दाखवतो. ‘अप्रतिरूप’ हा शब्द चांगला आहे, मराठी कलालेखनात वापरलाही जातो. अर्थ असा की, चित्र कशाचीही प्रतिकृती नाही. पण १९६६ मध्ये रिश्टरनं रंगांच्या चौकोनांची चित्रं सुरू केली ती रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड बघून. दिसायला निखळ भूमिती, प्रत्यक्षात शेडकार्डाचं पोर्ट्रेट! पुढे १९७४ मध्ये ‘४०९६ रंग’ झालं. २००७ मध्ये कोलोनच्या कॅथेड्रलची एक अवाढव्य खिडकी त्यानं अशाच चौकोनांनी भरली, ७२ रंगांच्या ११,२६३ काचा. हे मशिदीत जास्त शोभलं असतं, अशी कुरकूर तिथल्या कार्डिनलनी केली. ‘केवल’ तर त्याहून अडचणीचा. केवल म्हणजे निव्वळ, दुसरं काही न मिसळलेलं, आणि इथे सगळा खेळच मिसळण्याचा. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनाही ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ आवडत नसे, ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणायचे. त्यांच्यासाठी ‘निर्वस्तू’ वापरा, हरकत नाही. रिश्टरनं स्वतः निवडलेला शब्द दुसरा आहे, तो बदलायचा आपल्याला काय अधिकार?

त्यानं तो निवडला यातही थोडा मिश्किलपणा आहे. जन्म १९३२, ड्रेस्डेन. तिथल्याच कला महाविद्यालयात भित्तिचित्रांचं शिक्षण, तेही पूर्व जर्मनीत, म्हणजे तिथल्या सरकारमान्य ‘समाजवादी वास्तववादा’च्या शैलीत. १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या कासेलच्या ‘डोकुमेंटा’ प्रदर्शनात त्यानं पोलॉक आणि फोंताना या अमूर्त चित्रकारांची चित्रं पाहिली. मार्च १९६१ मध्ये पश्चिमेला निसटला, बर्लिनची भिंत उभी राहिली ऑगस्टमध्ये. ड्युसेलडोर्फला पुन्हा पहिल्यापासून विद्यार्थी झाला. १९६३ मध्ये मित्र कोनराड ल्यूगबरोबर एका फर्निचरच्या दुकानात प्रयोग केला. विकायला मांडलेल्या सामानातच दोघं बसून राहिले आणि त्याला नाव दिलं ‘भांडवली वास्तववाद’. असा माणूस १९७६ पासून रंगीबेरंगी चित्रं करू लागतो आणि त्यांना ‘अनामिक’ किंवा ‘शीर्षकहीन’ न म्हणता ‘आप्स्ट्राक्टेस बिल्ट’ म्हणतो, तेव्हा ते मुलाचं नाव ‘बाळ’ ठेवण्यासारखं असतं. जातीचं नाव तेच व्यक्तीचं. म्हणून भाषांतरही तितकंच कोरडं हवं. ‘अमूर्त चित्र’ हे दोन शब्द तसे कोरडे आहेत. जोडून ‘अमूर्तचित्र’ करू नका, त्यानं पारिभाषिक वास येतो.

‘बिल्ट’साठी ‘चित्र’ फारच छान बसतं. ‘पेंटिंग’ म्हटलं की फोटो बाहेर पडतो. ‘बिल्ट’मध्ये रंगवलेलं, छापलेलं, मनातलं, सगळं येतं आणि ‘चित्रा’तही येतं. फोटोला जर्मनमध्ये एक जुना, आता सरकारी कागदांपुरता उरलेला शब्द आहे, ‘लिश्टबिल्ट’, प्रकाशचित्र. आपण मात्र छायाचित्र म्हणतो. एकाच वस्तूकडे त्यांनी उजेडाच्या बाजूनं पाहिलं, आपण सावलीच्या. रिश्टर दोन्हींच्या मधे काम करतो, म्हणून हे सांगितलं. आणि दोन्ही भाषांत हे नाम नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीतून आलात तर ही मजा कळत नाही.

आता दुसरा प्रश्न. १९६० च्या दशकात तो घरातले आणि मासिकांतले फोटो करड्या रंगांत हुबेहूब रंगवायचा आणि रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशनं त्यावरून फिरायचा. कडा विरघळायच्या. या क्रियेला जर्मनमध्ये ‘फरविशन’ म्हणतात आणि त्यातलं ‘विशन’ म्हणजे पुसणे. मराठीत ‘पुसणे’पासून ‘पुसट’ तयारच आहे! ‘धूसर’मध्ये धूळ आहे, धुकं आहे, ते बाहेरून येऊन बसतं. पुसट कोणीतरी केलेलं असतं. डोळे झाकून ‘पुसट’ लिहा.

त्याच काळातल्या दोन चित्रांच्या नावांकडे मात्र नीट लक्ष द्या. ‘ओंकल रूडी’ आणि ‘तांटं मारियानं’, दोन्ही १९६५ ची. जर्मनमध्ये काका, मामा, आत्या, मावशी असा भेद उरलेला नाही, ‘ओंकल’ आणि ‘तांटं’ या दोन शब्दांत सगळे. ‘काका’ लिहिलंत तर चुकेल. रूडी हा त्याच्या आईचा भाऊ, म्हणजे रूडीमामा. नाझी सैन्याचा गणवेश घालून हसत उभा आहे आणि युद्धात मेला. मारियानं ही आईची बहीण, मावशी. चित्रात किशोरवयीन मावशी आहे आणि तिच्यापुढे उशीवर ठेवलेलं तान्हं बाळ हा खुद्द रिश्टर. तिला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं आणि मनोरुग्णांना संपवण्याच्या नाझी मोहिमेत १९४५ मध्ये तिचा बळी गेला. एका मामाचा गणवेश, एका मावशीचा मृत्यू, दोन्ही एकाच घरात. ‘अंकल’, ‘आंटी’ लिहिलं तर हे घर वाचकाला दिसणारच नाही. मराठीला इथे मूळ जर्मनपेक्षा जास्त सांगता येतं, ती संधी सोडू नका.

चित्राखालच्या ओळीत रिश्टरच्या चित्रसूचीतला मूळ क्रमांक हवाच, नाहीतर कुठलं चित्र ते कळणार कसं? उदाहरणार्थ: ‘अमूर्त चित्र (५९९), १९८६’. लंडनच्या लिलावात २०१५ साली तीन कोटी पौंडांहून जास्त किंमत मिळाली ते हेच. किंमत लिहायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी असतो तर गाळली असती.

नावाचं भाषांतर करताना एकच अपवाद करा. २०१४ मधली ‘बिर्केनाउ’ नावाची चार मोठी चित्रं तुमच्या यादीत आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये आउश्विट्झ-बिर्केनाउ छळछावणीतल्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून काढलेले चार फोटो रिश्टरनं आधी कॅनव्हासवर रेखाटले. मग त्यांवर थरांवर थर ओढत गेला, इतके की खालचं काहीच दिसेना. दिसायला ती त्याच्या इतर अमूर्त चित्रांसारखीच आहेत, काळी, करडी, मधूनच लाल आणि हिरवी. ‘बिर्केनाउ’ या गावाच्या नावाचा अर्थ शोधाल तर भूर्जासारख्या झाडांचं कुरण असा काहीतरी निरुपद्रवी अर्थ निघेल. ते मराठीत आणू नका. ‘बिर्केनाउ’ एवढंच लिहा.