वाचकांचे प्रश्न : ‘अरे, दुरुस्त करून घे की!’

गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका लहान सभागृहात एका स्वतंत्र मराठी चित्रपटाचा प्रिव्ह्यू, म्हणजे प्रदर्शनाआधीचा खेळ, झाला. संकलन अजून चालू असल्यामुळे चित्रपटाचे नाव छापू नये, अशी दिग्दर्शकाची विनंती आहे आणि ती आम्ही पाळत आहोत. गोष्ट थोडक्यात अशी : खानापूरकडच्या एका लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याच्या वाद्यातून एक सूर निघेनासा होतो. वाद्य दुरुस्तीला न टाकता तो त्या सुराला वळसा घालून गाणी वाजवू लागतो, आणि हळूहळू सगळा बँड, वरातीत नाचणारी मंडळी आणि शेवटी अख्खे गाव त्या सुरावाचून भागवायला शिकते. या खेळाला मीही हजर होतो. त्यानंतर सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : खेळ संपल्यावर दारात अभिप्रायाच्या चिठ्ठ्या वाटल्या. मला खरे तर पहिला अर्धा तास कंटाळा आला होता. पण दिग्दर्शक समोरच उभा होता, चहाही त्यानेच हातात दिला होता. मी ‘अप्रतिम, हृदयस्पर्शी’ असे लिहून मोकळा झालो. घरी आल्यापासून ते मनाला खाते आहे. मी त्याची फसवणूक केली का? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : फसवणूक फार मोठा शब्द झाला. ज्याच्या घरचा चहा प्यायलो, त्याला ‘साखर कमी पडली’ असे तोंडावर सांगण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि त्या संध्याकाळच्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या तरी याच रीतीने भरल्या गेल्या असणार. माझीही त्यात आली. दिग्दर्शकाच्या जागी मी असतो, तर चिठ्ठ्या उद्यावर टाकल्या असत्या आणि खेळ चालू असताना शेवटच्या रांगेत बसून माणसांच्या मानांकडे पाहिले असते.

तुम्हाला एक प्रसंग आठवत असेल. क्लॅरिनेटवाला उंबऱ्यावर बसून वाद्याची पात पुसतो, ओली करतो, उजेडात धरून पाहतो आणि पुन्हा पुसतो; कॅमेरा जागचा हलत नाही. दोनेक मिनिटांनी खुर्च्या कुरकुरू लागल्या, पुढच्या रांगेत दोन फोन उजळले, कोणीतरी उगाच खोकले. तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एक आजी न राहवून मोठ्याने म्हणाल्या, ‘अरे, दुरुस्त करून घे की!’ सभागृह खदखदून हसले. मला नवल वाटले ते पुढचे : दृश्य त्यानंतरही तितकेच लांबत राहिले, पण एकही खुर्ची वाजली नाही. म्हणजे अडचण लांबीची नव्हती. प्रत्येकाच्या मनात जो साधा प्रश्न होता, तो विचारायची सोय चित्रपटाने ठेवली नव्हती. आजींनी तो विचारला आणि सगळे निवांत झाले. चित्रपटातल्याच एखाद्या पात्राने पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य म्हटले असते, तर कदाचित तुमचाही कंटाळा टळला असता.

अजून वेळ गेलेली नाही. त्याला एक पत्र लिहा. त्यात विशेषणे नकोत; लक्ष कोणत्या दृश्यात उडाले, त्या वेळी मनात काय आले आणि पुन्हा केव्हा गुंतले, एवढेच लिहा.

प्रश्न : मध्यंतरानंतर माझ्या रांगेतले सहा जण परत आलेच नाहीत. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, उठून जाणाऱ्यांची मला चीड येते. चाकोरीबाहेरचे काही पाहण्याची बेळगावच्या प्रेक्षकाची तयारीच उरलेली नाही, असे समजायचे का? — एक निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव

उत्तर : सर, उठून गेलेल्यांपैकी दोघे मला बाहेर स्कूटरपाशी भेटले, म्हणून तुमच्याशी असहमत होण्याचे धाडस करतो. हरवलेला सूर, त्याला वळसा घालणारा बँड, एका सुराच्या जागी सगळ्यांनी श्वास घेण्याची ती चमत्कारिक वरात, यांपैकी कशाबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. वरातीवर तर ते खूश होते. त्यांचे बिनसले होते ते क्लॅरिनेटवाल्याच्या आईवरून. गोष्टीप्रमाणे ही बाई कणकुंबीच्या बाजूची आणि जन्मभर शेतात राबलेली. पण बोलते मात्र पुण्याच्या एखाद्या वाड्यातल्यासारखी, स्वच्छ आणि घोटीव. ‘आमची आई असं बोलली तर तिला ताप आलाय काय बघायला लागंल,’ असे त्यांतला एक जण म्हणाला. बाजारातल्या प्रसंगात ती कन्नडमध्ये घासाघीस करते, आणि तिथे तर ते कन्नडही बेंगळूरकडचे निघाले. आपले कान धारवाडी वळणाचे.

त्याच प्रसंगात हसू कसे आले, याकडे तुमचे लक्ष गेले का? भाजीवालीच्या एका वाक्यावर सभागृह तीन वेळा हसले. पडद्याखालची मराठी ओळ वाक्य संपण्याआधीच दिसते, त्यामुळे ती वाचणारे पाहुणे, म्हणजे दिग्दर्शकाची पुण्याहून आलेली मित्रमंडळी, सर्वांत आधी हसली. मग वाक्य पुरे झाल्यावर कन्नड घरातले हसले. दोन्ही भाषा कळणारे आपण सर्वांत शेवटी हसलो, आणि ते भाजीवालीला नव्हे, भाषांतराला. हा तिसरा हशा पुण्यात किंवा मुंबईत ऐकू आला नसता. सीमाभागात प्रिव्ह्यू घेतल्याचा फायदा कोणता, असे दिग्दर्शकाने मला विचारले, तर मी तो हशाच दाखवीन.

राम रेड्डी यांचा ‘तिथी’ हा कन्नड चित्रपट तुम्ही पाहिला असेल. २०१५ साली लोकार्नोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. १०१ वर्षांचा एक म्हातारा मरतो आणि त्याच्या अकराव्याच्या विधीपर्यंत मुलगा, नातू आणि पणतू आपापल्या तऱ्हेने वागत राहतात, एवढेच त्यात घडते. पात्रे आहेत मंड्या जिल्ह्यातल्या खेड्यातली, अभिनयाशी आधी संबंध नसलेली माणसे. मंड्याची बोली आपल्याला परकीच. तरी त्यातला म्हातारा मुलगा घर सोडून दिवसभर नुसता भटकत राहतो, तेव्हा ते विचित्र वाटूनही खोटे वाटत नाही, कारण त्याच्या तोंडी दुसऱ्या कोणाची भाषा बसवलेली नाही. आपल्या दिग्दर्शकाकडे बँडवाले खरेखुरे होते. आई मात्र त्याने शहरातून आणली. ते सहा जण परत यावेत असे वाटत असेल, तर मला वाटते, तिचा आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करण्यावाचून गत्यंतर नाही. तसे पाहिले तर फार खर्चाचे काम नाही.

प्रश्न : वरातीचे दृश्य मित्रांना पाठवावे म्हणून मी फोनवर टिपत होतो. आयोजकांपैकी एकाने चारचौघांत फोन बंद करायला लावला. एवढे काय बिघडले? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : बरेच बिघडते. १९५२ च्या चलचित्र कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली असून, परवानाधारक चित्रपटगृहात विनापरवानगी चित्रण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. तुमचे सभागृह त्या व्याख्येत बसते की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. पण अर्धवट संकलनाचा, ध्वनीचे काम राहिलेला तीस सेकंदांचा तुकडा गावभर फिरला की लोक त्यालाच चित्रपट समजतात. फोनमधून तो काढून टाका.

प्रश्न : शेवटी तो सूर परत येत नाही. क्लॅरिनेटवाला दुकानाच्या दारापर्यंत जातो आणि वाद्य तसेच घेऊन माघारी फिरतो. माझ्यासकट आमच्या गाडीतल्या पाचही जणींनी चिठ्ठीवर ‘शेवट गोड करा’ असे लिहिले. दिग्दर्शकाने आमचे ऐकावे, असे आपणास वाटते का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, ऐकून घ्यावे, तसे करू मात्र नये. १७ मार्च १९४२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावी अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या चित्रपटाचा प्रिव्ह्यू झाला. एका घराण्याच्या उतरत्या काळाची ती संथ गोष्ट, आणि ती दाखवली कशाच्या पाठोपाठ, तर एका हलक्याफुलक्या संगीतपटाच्या. प्रेक्षक भलत्या जागी हसले आणि चिठ्ठ्यांवर वाटेल ते लिहून गेले. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये होते. कंपनीने घाबरून चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापला, दुसऱ्यांकडून गोड शेवट चित्रित करून तो जोडला, आणि कापलेली फिल्म पुढे नष्ट केली. त्या प्रेक्षकांना कंटाळा आला होता, हे खरेच असेल. पण आधीच्या संगीतपटाची धुंदी उतरलेली नसताना दिलेले ते मत होते, आणि त्यावरून नवा शेवट बेतण्यात आला.

तुम्हा पाचही जणींना चुटपुट लागली, ही गोष्ट दिग्दर्शकाने वहीत लिहून ठेवावी. निपाणीपर्यंतच्या वाटेवर गाडीत तुमचे बोलणे शेवटाबद्दलच चालले असणार. मलाही तो सूर यायला हवा होता. खेळ सुटल्यावर मी घरी निघालो, गोगटे सर्कलला सिग्नलपाशी थांबलो, आणि चित्रपटभर राहून गेलेला तो एक सूर आपसूक माझ्या तोंडून बाहेर पडला. शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिले.