थीम पार्क म्हणजे लहान मुलांचं काम, मोठ्यांना तिथे खरंच मजा येते का?

मला पण आधी असंच वाटायचं. भाचरांच्या हट्टापायी गेलो, मनात म्हटलं बाकावर बसून सगळ्यांच्या बॅगा सांभाळू, पण त्यांनी ओढतच रोलर कोस्टरच्या रांगेत नेलं आणि मग काय, त्या दिवशी तीनदा बसलो!

वर चढताना जी खटखट ऐकू येते ना, तिचीच मला आधी भीती वाटली होती, वाटलं काहीतरी तुटतंय. नंतर कळलं की गाडी मागे घसरू नये म्हणून खाली खाचा असतात आणि त्यावर अडकणाऱ्या खिट्टीचा तो आवाज. आणि चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही असतात, त्यामुळे गाडी रूळ सोडून उडत नाही. हे कळल्यावर जरा जीवात जीव आला आणि ओरडायला मोकळा झालो :)

एक टिप, पहिल्यांदा पुढे बसा, समोरचं सगळं दिसतं. नंतर अगदी शेवटच्या डब्यात बसून बघा, कारण पुढचे डबे उतारावर गेले की मागच्याला खेचतात, तो माथ्यावरून जास्त वेगात जातो आणि आपण सीटवरून चक्क उचलले जातो. पोटात गोळा येतो तो इथेच.

गोल गोल फिरणाऱ्या राईड्स मात्र चाळिशीनंतर नकोच, मला तासभर गरगरत होतं. आणि सकाळी गेट उघडताच जा, दुपारी रांगेत उभं राहून माझ्यासारख्या माणसाचं डोकं फिरतं.