एमआरआयआधी वही काढ

भावा, कंबर दुखते म्हणून एमआरआय काढायचा विचार असेल, तर आधी आठवडाभर वहीत लिही: सकाळी कंबर किती मिनिटं ताठरलेली असते, आणि रंकाळा तलावाला फेरी मारल्यावर दुखणं वाढतं की उतरतं. चालून उतरत असेल, ताठरपणा ३० मिनिटांवर असेल, दुखणं चाळिशीआधी सुरू होऊन ३ महिने उलटले असतील, तर हा मणक्याचा संधिवात असू शकतो; संधिवाततज्ज्ञ गाठ.

- एका बोटानं जागा दाखव. कमरेखालच्या खळीपाशी बोट गेलं, तर एसआय जॉइंटवर (कणा जिथं कमरेच्या हाडाला जोडतो तो सांधा) संशय घ्यायचा. मी नुसता मणक्याचा एमआरआय काढून बसलो. हा सांधा त्यात नीट आलाच नव्हता. पैसे गेले ते गेलेच.
- एचएलए-बी२७ (या संधिवाताशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे आजार झालाच असं नव्हे.

लघवी अडली, ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर वही ठेव आणि लगेच दवाखाना गाठ.