पीटीआर डोमेनवाल्याकडे नाही, लाइनवाल्याकडे मागा

तुमचा प्रश्न असा : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट, पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर ऑफिसातच, स्टॅटिक (न बदलणारा) आयपी आहे, एमएक्स (डोमेनचे मेल कुठे यावेत ते सांगणारी डीएनएस नोंद) बरोबर आहे, तरी जीमेलला पाठवलेली कोटेशनं '५५०-५.७.२५' म्हणत परत येतात. एमएक्सला हात लावू नका. तो येणाऱ्या मेलचा रस्ता, तुमचं अडतंय जाणाऱ्याचं. हा कोड सांगतो की पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद (रिव्हर्स डीएनएस), नाही, किंवा पीटीआरमधलं नाव परत त्याच आयपीवर येत नाही.

तुम्ही डोमेनच्या पॅनलमध्ये पीटीआर टाकलात, ते वाया गेलं. आयपी ज्याचा, उलटी नोंद त्याच्याकडे; म्हणजे इंटरनेटची लाइन देणाऱ्याकडे. आधी मेल.उदाहरण.कॉमचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) २०३.०.११३.२५ वर आणा (नाव आणि आयपी नमुन्याचे, तिथे तुमचे घाला), मगच त्यांना लेखी कळवा : 'या आयपीचं रिव्हर्स डीएनएस मेल.उदाहरण.कॉम करा.' फोनवर नुसतं 'पीटीआर' म्हटलं तर समोरचा राउटर बंद-चालू करायला सांगेल.

मशीनचं नाव 'सिद्धेश्वर' ठेवलंय, राहू द्या. पण पोस्टफिक्सच्या मायहोस्टनेम या सेटिंगमध्ये पीटीआरमधलंच पूर्ण नाव हवं, मेल.उदाहरण.कॉम; समोरच्या सर्व्हरला 'हेलो' म्हणून ओळख देताना तुमचा सर्व्हर तेच सांगतो. होस्ट्स फाइलमध्ये पूर्ण नाव आधी, 'सिद्धेश्वर' नंतर.

झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदींची फाइल) हाताने लिहीत असाल तर एमएक्समधल्या नावाच्या शेवटचा टिंब तपासा. तो द्यायचा राहिला की नाव मेल.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम होऊन बसतं आणि येणारे मेलही बंद. एमएक्समध्ये आयपी किंवा सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) चालत नाही.

एसपीएफची, म्हणजे तुमच्या डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणारी, टेक्स्ट नोंद एकच ठेवा. जुन्या होस्टिंगची तशीच राहिली असेल तर दोन होतात आणि तपासणी थेट परमएररवर (कायमच्या चुकीवर) जाते. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागेलच, पण ते पीटीआर जुळल्यावर.

तपासायला टर्मिनलवर 'डिग -एक्स २०३.०.११३.२५' ही कमांड द्या, आलेल्या नावाला पुन्हा डिग करा. तोच आयपी यायला हवा. दोन्ही जुळूनही तोच कोड आला तर लॉग बघा : बहुतेक तुमचा सर्व्हर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या लांब आयपी पत्त्या)वरून पाठवतोय आणि त्या पत्त्याला पीटीआर नाही. पोस्टफिक्सचं आयनेट_प्रोटोकॉल्स हे सेटिंग आयपीव्ही४ (वरच्यासारखा जुन्या पद्धतीचा पत्ता) करून पोस्टफिक्स रीस्टार्ट करा, नुसतं रीलोड पुरत नाही.

लाइनवाला पीटीआर द्यायला नाहीच म्हणाला तर भांडत बसू नका, जाणारे मेल रिलेहोस्टमार्फत, म्हणजे तुमचे मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत, पाठवा. मात्र तेव्हा एसपीएफमध्ये त्या रिलेचा इन्क्लूड (त्याच्या सर्व्हरांनाही परवानगी देणारा भाग) घालायला विसरू नका.